ताटातली नोट

आरतीच्या ताटात किती पैसे टाकावेत, हा पाठ मी वर्गात घ्यायला लागलो तेव्हा तेजस्विनी म्हणाली, "पोंक्षेसर, हे अभ्यासक्रमात नाही."

"अभ्यासक्रमात एटीएम आहे," मी म्हणालो. "आपल्या पेठेत एटीएम एक आणि देवळं सात."

तिला हे पटलं नाही, पण देवळं मनातल्या मनात मोजून झाल्यावर नाकारताही येईना. मी केंद्राच्या स्वयंपाकघरातून स्टीलचं ताट आणलं, निरांजनाच्या जागी एक वाटी ठेवली आणि वर्गात फिरवायला लागलो.

दिगंबर हुलवळेनं ताटात दहाची नोट टाकली आणि पाचचं नाणं उचललं.

"हे काय?"

"सुटे घेतले. देवाला पाच."

"बरोबर. असं चालतं. लाजायचं नाही."

"मी लाजत नाही, सर. पण मंडळी म्हणतात, देवाकडं सुटे मागणं बरं दिसत नाही."

मंडळी म्हणजे दिगंबरच्या कानात बोलणारी माणसं. गोळ्यांनी त्यांची संख्याही कमी झाली होती आणि आवाजही, पण व्यवहाराच्या तासाला ती न चुकता हजर राहत.

"मंडळींना सांग, चारचौघांसमोर सुटे देणारा देवासारखा कॅशियर दुसरा नाही."

दिगंबर थोडा वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "चालेल म्हणतात."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. साताऱ्यात आमच्या पेठेच्या टोकाला 'सांगाती' नावाचं केंद्र होतं. मनाच्या मोठ्या आजारातून सावरणारी माणसं तिथं दिवसभर येत. कुणी इस्पितळात वर्षानुवर्षं राहून आलेलं, कुणी घरातल्या एका खोलीत. गोळ्या जन्माच्या होत्या, पण बाकीचं आयुष्यही जन्माचंच होतं, आणि त्यासाठी भाजी घ्यावी लागते, भाडं द्यावं लागतं. ते शिकवायला तेजस्विनीला कुणीतरी हवं होतं. ती केंद्राची समाजसेविका, वयानं माझ्या मुलीहून लहान. मी सहकारी बँकेत कॅशियर म्हणून निवृत्त झालेला. देवळात कीर्तनाला बसलेलो असताना तिनं मला गाठलं, म्हणून मी हो म्हणालो. कीर्तनात बसलेला मी कशालाही हो म्हणतो, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे.

शिकवण्याची मला एकच पद्धत माहीत होती, ती कीर्तनाची. आधी पूर्वरंग, मग उत्तररंग. भाडं, पोट आणि औषध हा पूर्वरंग. तो कितीही कंटाळवाणा वाटला तरी आधी उरकायचा. चहा, भेळ, सिनेमा हा उत्तररंग. पूर्वरंग न करता कुणी बुवा थेट आख्यानाला उभा राहिला तर लोक उठून जातात, तसंच घरमालकाचंही असतं. हे सगळ्यांना चटकन कळलं. मला चार महिने बँकेत शिकवणाऱ्या साहेबांना हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पैसे वेगवेगळे राहावेत म्हणून खणांचं कापडी पाकीट करायचं ठरलं. ती पाकिटं शालनताई खाडेंनी शिवली. पूर्वी त्या कराडला शाळेत शिवणाच्या बाई होत्या. भाडं, पोट, औषध आणि हात, म्हणजे हातखर्च, असे चार खण तेजस्विनीनं सांगितले होते. पाचवा देवाचा खण मी वाढवून घेतला.

"सर, याचीच मला भीती वाटते," तेजस्विनी मला बाजूला घेऊन म्हणाली होती. "शालनताईंचं तुम्हाला माहीत आहे ना?"

माहीत होतं. शालनताईंचा आजार भरती-ओहोटीचा. ओहोटीत त्या महिनोन्‌महिने पांघरुणातून बाहेर येत नसत. भरतीत त्यांना झोप लागत नसे आणि जग फार आवडायला लागे. अशाच एका भरतीत त्यांनी आईची बोरमाळ मोडली आणि कराडच्या बाजारातल्या सगळ्या भाजीवाल्यांना छत्र्या वाटल्या. वैशाखाचे दिवस होते. छत्र्यांचा उपयोग झाला, हे सगळे मान्य करतात.

तेव्हापासून त्यांचं खातं धाकट्या भावाच्या, सर्जेरावांच्या, हातात होतं. वडिलांच्या मागं शालनताईंना पेन्शन यायचं. पैसे आक्काचे, सही भावाची, कार्ड भावाच्या खिशात. तेजस्विनीनं त्यांना कसंबसं कबूल करून घेतलं होतं: तीन महिने आक्का साताऱ्यात भाड्याच्या खोलीत एकट्या राहतील, महिन्याचे पैसे त्यांच्या हातात मिळतील. तीन महिने नीट गेले तर सर्जेराव बँकेत येऊन खात्यावरचं आपलं नाव काढतील. नाही गेले तर आक्का कराडला परत जातील. परत म्हणजे सर्जेरावांच्या घरामागच्या खोलीत. त्या खोलीची कडी बाहेरून होती.

तीन महिने नीट गेले होते. शुक्रवारी सर्जेराव बँकेत येणार होते.

"गुरुवारी दत्ताच्या देवळात खांबेटेबुवांचं कीर्तन आहे," मी वर्गात ताट खाली ठेवून म्हणालो. "आपण सगळे जायचं. प्रात्यक्षिक."

"सर!" तेजस्विनी म्हणाली.

"सर्जेरावांनाही बोलवा. आदल्या दिवशीच येऊ देत. आमच्याकडं उतरतील. बघू देत की आपली आक्का कशी वागते."

शालनताई सुईत दोरा ओवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "सर्जाला कीर्तन आवडत न्हाई, सर. तो हिशोब करत बसंल, की पेटीवाल्याला किती देत्यात."

"मग तर हवाच," मी म्हणालो.

गुरुवारी सर्जेराव आले. खतं-बियाण्यांचं दुकान असलेला, रुंद खांद्यांचा, दमलेला माणूस. आधी आक्काची खोली बघून आले. भाड्याची पावती भिंतीला टाचणीनं लावलेली होती, ती त्यांनी जवळ जाऊन वाचली. गॅसचं बटण बंद आहे का ते बघितलं. मग देवळात येऊन पुरुषांच्या बाजूला माझ्या शेजारी मांडी घालून बसले. शालनताई पलीकडं बायकांत, अगदी पुढं. तेजस्विनी त्यांच्या शेजारी. दिगंबर माझ्या दुसऱ्या बाजूला.

खांबेटेबुवांबद्दल मी काय सांगू! सत्तरी ओलांडलेले, पागोटं जरा कलतं, आवाज खर्जात उतरला की आपल्या बरगड्यांत वाजतो. पूर्वरंगात त्यांनी संतोष या विषयावर निरूपण केलं. माझे डोळे तिथंच भरून आले. सर्जेरावांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि खिशातून रुमाल काढून दिला. माणूस वाईट नव्हता.

मध्यंतरात बुक्का लागला, बुवांना हार झाला, आणि बुवा उत्तररंगाला उभे राहिले. आख्यान कोणतं आहे ते मी विचारलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नाही. पंगतीत बसल्यावर कुणी भाजी कोणती असं विचारतं का?

"एक राजा होता," बुवा म्हणाले. "त्याचं व्रत होतं, की मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही."

पलीकडून तेजस्विनीनं माझ्याकडं बघितलं.

राजानं कोठार दिलं. राजानं हत्ती दिले. झांज वाजत होती, पेटीवाला सुंदर साथ करत होता. राजानं राज्य दिलं. राणीनं अंगावरचे दागिने उतरवले तेव्हा सगळं देऊळ हुंदके देत होतं, आणि एरवी त्यात पहिला हुंदका माझा असता. पण मी शालनताईंची पाठ बघत होतो. पाठ ताठ होती. त्यावरून काही कळत नव्हतं.

शेवटी राजानं अंगावरचं वस्त्र दिलं. बुवा थांबले. देवळात अशी शांतता झाली की निरांजनाची वात ऐकू यावी.

"बुवा," दिगंबर म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं. बुवांनीही.

"राजानं घरभाडं काढून ठेवलं होतं का?"

बुवांनी पागोटं सारखं केलं. पन्नास वर्षं कीर्तन करणारा माणूस, त्यांनी सगळं बघितलं असणार. "राजाला घरभाडं नसतं, बाळ," ते म्हणाले.

"मग ठीक आहे," दिगंबर म्हणाला. "मंडळी विचारत होती."

"मंडळींना नमस्कार सांगा," बुवा म्हणाले आणि आरतीला सुरुवात केली.

ताट आधी पुरुषांतून फिरलं. दिगंबरनं दहा टाकून पाच उचलले. सर्जेरावांनी अकरा टाकले. मी सवयीनं खिशात हात घातला आणि आख्यान ऐकून झाल्यावर माझ्या हाताला जे लागतं ते टाकलं. मग ताट बायकांकडं गेलं.

शालनताईंनी पाकीट काढलं. शेवटच्या खणातून त्यांनी चार घड्या घातलेली नोट काढली, घड्या उलगडल्या, नोट मांडीवर सरळ केली आणि ताटात ठेवली. पाचशेची होती.

सर्जेराव कधी उठले ते मला कळलं नाही. बायकांच्या रांगेतून, दोन-तीन जणींचे पदर तुडवत, ते पुढं गेले आणि ताटातून ती नोट त्यांनी उचलली.

टाळ्या थांबल्या. पेटी थांबली. सुटे घेणारे हात ताटाला रोज लागतात, पण दुसऱ्याचं दान उचलणारा हात त्या देवळानं बघितलेला नव्हता. ताट धरणाऱ्या बाईंनी ताट एकदम छातीशी धरलं, त्यामुळं निरांजन विझलं. फक्त बुवा एकटे पुढचं कडवं म्हणत राहिले, आणि मग हळूहळू सगळे त्यांच्या मागं गेले.

बाहेर चपलांपाशी आम्ही पाच जण उभे होतो.

"आक्का, हे काय केलंस?" सर्जेरावांच्या हातात अजून नोट होती.

"देवाला दिले."

"पाचशे? पाचशे रुपये?"

"माझ्या हातखर्चातलं वाचलेलं. सिनेमाला गेले न्हाई, भेळ खाल्ली न्हाई. भाडं दिलंय, औषध आणलंय. तू बघून आलास की पावती."

"दोनशेच्या वर असेल तर एक रात्र थांबायचं आणि कुणाला तरी सांगायचं, असं ठरलंय ना आपलं?" तेजस्विनीनं हळूच विचारलं.

"थांबले. परवापासून थांबलीये. दिगंबरला सांगितलं."

"मला सांगितलं," दिगंबर म्हणाला. "मंडळींनी पण ऐकलंय."

सर्जेरावांनी कपाळाला हात लावला.

मला काहीतरी करणं भाग होतं. डॉक्टर पहिला प्रश्न कोणता विचारतात ते मला आठवलं. "शालनताई," मी म्हणालो, "काल झोप लागली होती का?"

"लागली. तुम्ही किती टाकले, सर?"

"मी?"

"ताटात."

मी खिसा चाचपला. "हजार," मी म्हणालो. "म्हणजे, दोन पाचशेच्या होत्या."

"तुम्हाला लागली का झोप काल?"

मला लागली नव्हती. खांबेटेबुवा येणार म्हणून रात्रभर मी कूस बदलत होतो, हे घरी विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. पण माझ्या लक्षात आलं की कुणीच माझ्या उत्तराची वाट बघत नाहीये. सर्जेराव तर माझ्याकडं वळलेसुद्धा नव्हते.

"सरांचं वेगळं, आक्का," ते म्हणाले.

"कसं?"

सर्जेरावांनी नोट पुढं केली. "घे. पाकिटात ठेव."

"देवाला दिलेलं मी परत न्हाई घ्यायची."

"घे म्हणतो ना!"

"न्हाई."

"मग उद्या बँकेत जायचं काही कारण नाही," सर्जेराव म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, हे मला जास्त वाईट वाटलं. "सकाळी सामान बांध. आपण कराडला जाऊ."

शालनताईंनी चपला घातल्या. उजवा अंगठा चपलेत नीट बसेपर्यंत त्यांनी खाली बघितलं. "कितीच्या गाडीनं?" त्यांनी विचारलं.

"दहाच्या."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि तेजस्विनीबरोबर खोलीकडं गेल्या.

सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो तेव्हा सर्जेराव आमच्या स्वयंपाकघरात उभे होते आणि ती नोट ओट्यावर होती. आमची ही ओट्यापासून दोन हात लांब उभी होती.

"काकू, ही तुम्ही ठेवा," ते म्हणत होते. "तुमच्या देवासमोर ठेवा."

"माझ्या देवाला नको. ती दत्ताच्या ताटातली आहे."

"देव एकच की हो."

"देव एक असला तरी ताटं वेगळी आहेत. उचला बघू ती, मला पोहे टाकायचेत."

त्यांनी उचलली. खिशात ठेवायला गेले आणि थांबले. पाकिटात त्यांच्या स्वतःच्या नोटा होत्या, त्यात ती मिसळायला त्यांचं मन घेईना. "घरी फोन केला होता," ते मला म्हणाले. "आमची म्हणाली, ती नोट घेऊन उंबऱ्याच्या आत येऊ नका. आता काय करायचं, साहेब? रस्त्यावर टाकू?"

"लक्ष्मी आहे," मी म्हणालो.

"तेच तर."

आम्ही चहा प्यालो. नोट मध्ये, कोरड्या बशीत होती.

"मी मुद्दाम नाही केलं हो," सर्जेराव म्हणाले. "हात आपोआपच गेला. सवय झालीय. तुम्हाला छत्र्यांचं सांगितलं असंल ना कुणी?"

"सांगितलं."

"वाटल्या तिनं. गोळा करायला गेलो मी. एकेका भाजीवालीपुढं जाऊन उभा राहायचो. मावशी, आमच्या आक्काची तब्येत बरी नाही, छत्री परत द्या. वर ऊन. सगळा बाजार हसतोय. म्हटलं दुकानदार छत्र्या परत घेईल, निदान बोरमाळेतलं काहीतरी सोडवता येईल. आई तेव्हा जिवंत होती." त्यांनी कप खाली ठेवला. "एकीनंसुद्धा दिली नाही. एक म्हणाली, मास्तरीण बाईनं दिली, तू कोण मागणार? अजून बाजारातनं जाताना खाली मान घालून जातो मी. तुमच्या वर्गात पाचशे रुपये म्हणजे पाचशे रुपये असतात, साहेब. मला त्याच्यामागं छत्र्या दिसतात."

मी पोहे पुढं केले.

पोहे झाल्यावर आम्ही नोट घेऊन देवळात गेलो. सर्जेरावांनी ती तळहातावर ठेवली होती, तीर्थ घेतात तशी. नोट दानपेटीत टाकून मोकळं व्हावं असा त्यांचा विचार होता. देवळाचे व्यवस्थापक रेठरेकर पेटीसमोर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी पेटीवर हात ठेवला.

"ही कालची का?"

"हो."

"मग पेटीत नाही चालायची. पेटीतलं देवस्थानचं. आरतीच्या ताटातलं कीर्तनकारांचं. ते बुवांचे पैसे आहेत."

"बुवा कुठंत?"

"मागच्या खोलीत. चहा घेताहेत. दहाच्या गाडीनं निघणारेत, त्यांना कोल्हापुरात संध्याकाळचं कीर्तन आहे. गाडी कराडवरूनच जाते."

म्हणजे तीच गाडी. सर्जेरावांनी डोळे मिटून घेतले.

बुवा पागोट्याशिवाय अगदी कुणाच्याही घरातले आजोबा दिसत होते. बशीतून चहा पीत होते. सर्जेराव वाकून पाया पडले आणि नोट त्यांच्यापुढं धरली. "बुवा, माझी चूक झाली. तुमचे पैसे आहेत. घ्या."

बुवांनी बशी संपवली. "ताटात पडलेलं मी कधी बघत नाही," ते म्हणाले. "कुणी किती टाकले ते आपल्याला कळू नये. कळलं की कीर्तन बिघडतं. पण हातात आणून दिलेलं मला विचारून घ्यावं लागतं. कुणाकडून घेऊ मी हे? तुमच्याकडून?"

"माझे नाहीत."

"मग कुणाचे?"

"आमच्या आक्काचे."

"मग त्यांना देऊ देत की. तुम्ही मधे कशाला?"

ते वाक्य सर्जेरावांना कुणीतरी आधीही ऐकवलं होतं, बाजारात.

तेवढ्यात दारात शालनताई आल्या. एका हातात पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या हातात पिशवी. मागं तेजस्विनी, तिचे डोळे लाल. जाण्याआधी दत्ताचं दर्शन घ्यायला आल्या होत्या, आणि रेठरेकरांनी त्यांना मागं पाठवलं होतं.

त्यांनी ट्रंक खाली ठेवली, पदर सारखा केला आणि बुवांना नमस्कार केला. सगळ्यांच्या मधे असलेली नोट त्यांनी बघितली.

"बाई," बुवा म्हणाले, "ही तुमची आहे म्हणतात. द्यायची आहे का अजून? नसेल तर घेऊन जा, मला मुळीच राग यायचा नाही."

"द्यायचीय," शालनताई म्हणाल्या. "आईच्या नावानं द्यायची होती. तिची बोरमाळ मोडली मी, कुणाला न विचारता. तेव्हा मी आजारी होते, असं सगळे म्हणतात. ते खरं आहे. पण माळ तिची होती, आणि मी तिला कधी काही दिलं न्हाई त्याबद्दल. माळ काय होत न्हाई माझ्याच्यानं. म्हटलं, जेवढं साठंल तेवढं."

सर्जेराव ट्रंकेकडं बघत होते.

"हे काल का नाही सांगितलंस?" ते म्हणाले.

"तू इचारलं 'पाचशे?' म्हणून. कशाला म्हणून कुठं इचारलंस?" मग त्या बुवांकडं वळल्या. "पण बुवा, आता पाचशे न्हाई जमणार. चारशे घ्या. शंभर मला परत लागतील."

"अवश्य," बुवा म्हणाले. त्यांनी उशाखालचा बटवा काढला. "काही अडचण?"

"कराडचं तिकीट काढायचंय. काल धरलं नव्हतं. हातखर्च संपलाय, आणि पोटाच्या खणातलं काढायचं न्हाई असं सरांनी सांगितलंय."

"आक्का, तिकिटाचं मी बघतो ना," सर्जेराव म्हणाले.

"नको. माझं मी काढीन."

बुवांनी शंभरची नोट दिली. शालनताईंनी ती उजेडाकडं धरून बघितली, मी शिकवलं होतं तशी, तार दिसते का, पाणचिन्ह दिसतं का. बुवांच्या तोंडावर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बुवा मात्र कौतुकानं बघत होते.

"खरी आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे," त्या म्हणाल्या, आणि नोट पाकिटातल्या हाताच्या खणात ठेवली. मग ट्रंक उचलली. "चल, सर्जा. गाडी चुकंल."

सर्जेराव हलले नाहीत. त्यांनी हात पुढं करून ट्रंक आक्काच्या हातातून घेतली, पण दाराकडं न जाता ती भिंतीशी नेऊन ठेवली. मग बराच वेळ तिच्या कडीशी काहीतरी करत राहिले. कडीला काही झालेलं नव्हतं.

"साहेब," ते माझ्याकडं पाठ करूनच म्हणाले, "बँक कितीला उघडते?"

"उघडली असेल."

बुवा एकटेच दहाच्या गाडीनं गेले.

बँकेत गर्दी होती. आम्ही चौघं बाकावर बसलो. सर्जेरावांनी चहा मागवला. शालनताईंनी स्वतःचे दहा दिले आणि बुवांनी दिलेल्या शंभरातून ते कमी झाले म्हणून दोन वेळा पाकीट उघडून बघितलं. मग नंबर आला. काउंटरवरचे साहेब तरुण होते आणि घाईत होते. त्यांनी अर्ज उलटा करून बघितला.

"संयुक्त खातं एकट्याचं करायचंय?"

"हो," सर्जेराव म्हणाले.

"तुमचं नाव कमी करायचं?"

"हो."

"कारण लिहावं लागेल. कारण काय लिहू?"

खिशातून कार्ड काढून सर्जेरावांनी काउंटरवर ठेवलं आणि स्वतः एक पाऊल बाजूला झाले, म्हणजे काचेसमोर आक्का आल्या.

"तिला विचारा," ते म्हणाले. "खातं तिचं आहे."

साहेबांनी काचेतून वर बघितलं. "काय लिहू, मॅडम?"

शालनताईंनी विचार केला. मागं रांग होती, पण त्यांनी सावकाश विचार केला.

"लिहा," त्या म्हणाल्या, "मला सही येते."

साहेबांनी तसंच लिहिलं, आणि पेन काचेखालून पुढं सरकवलं.